फिल्टरचं बाळंतपण

मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दिसत नाही. ऐकूही येत नाही.

⁂

डिंकाचे लाडू स्टीलच्या डब्यात, डबा फ्रिजच्या डोक्यावर. झाकणावर कागदाची पट्टी, पट्टीवर नाव: वल्लरी.

⁂

वाऱ्यात विमानाचा पंख थरथरतो. किती थरथरला तर तुटेल, हे मोजण्यात पद्माकरची सगळी नोकरी गेली. प्रयोगशाळेत पंख तुटला तरी चालतो. तो तुटावा म्हणूनच तिथे ठेवलेला असतो.

⁂

जुनी सुती साडी दुपट्यासाठी फाडायला कात्री लागत नाही. काठापाशी दात लावायचा, की पुढे ती सरळ फाटत जाते.

⁂

सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या गेटवरचा फलक: घरमालकाच्या परवानगीशिवाय पाहुण्यांना आत सोडलं जाणार नाही.

⁂

"मी म्हणजे काय इन्फेक्शन आहे का गं?"

⁂

हे विद्या फोनवर म्हणाली. फोनच्या पलीकडे तिची मुलगी वल्लरी, ओली बाळंतीण. अंतर म्हणाल तर जे. पी. नगर ते सर्जापूर रोड. शहर एकच, बंगळूर; मध्ये सिल्क बोर्डचा कायम तुंबलेला सिग्नल.

"तसं नाही गं आई. कुणीच नको म्हणतेय मी. ईशानचे आईबाबाही नाही येणार. महिना-दीड महिना फक्त. नर्स आहे ना. ट्रेन्ड आहे ती."

"ट्रेन्ड."

"हो, ट्रेन्ड."

"आणि तुला आणि अमितला मी काय अंदाजाने वाढवलं?"

"अंदाजानेच वाढवलंस," वल्लरी हसली.

विद्या हसली नाही.

⁂

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी. यात काही ठरवायचं असतं असं विद्याला कधी वाटलंच नव्हतं. तिने मागची खोली रिकामी केली, नवऱ्याला, पद्माकरला, त्याचे जुने कागद माळ्यावर टाकायला लावले, दिवाणावर नवी गादी घातली. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा पुण्याहून मागवला, इथे सगळं मिळत असूनही. दुपटी शिवली. लाडू वळले.

वल्लरी आली नाही. तिच्याऐवजी तिची मांजर आली.

गरोदर बाईच्या घरात मांजर नको, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. वल्लरीचा आठवा सरत आला होता तेव्हा एका रविवारी जावई पिंजरा घेऊन दारात उभा राहिला. पिंजऱ्यात एक वर्षाची, दूध जास्त झालेल्या कॉफीच्या रंगाची मांजर. नाव फिल्टर.

"फिल्टर म्हणे," विद्या म्हणाली. "बाईमाणसाचं नाव आहे का हे? मी मनी म्हणणार."

पण मनी म्हटलं की ती कानसुद्धा हलवायची नाही. फिल्टर म्हटलं की मान वळवून बघायची. विद्याने हार मानली, जरा चिडूनच.

काही आठवड्यांनी ईशान मांजराचं खाणं द्यायला पुन्हा आला आणि म्हणाला, "आई, ही फारच सुटलीय. लाड कमी करा."

विद्याने फिल्टरच्या पोटावरून हात फिरवला आणि जावयाकडे बघितलं. "सुटलेली नाही. पोटुशी आहे."

"शक्यच नाही. ती कधी घराबाहेर..." ईशान थांबला. "एकदा रंगाऱ्यांनी दार उघडं टाकलं होतं. इकडे आणायच्या जरा आधी. दोन दिवस सापडतच नव्हती."

"झालं तर मग. तीही रंग लावून आली."

ईशान लाजला. पद्माकर पेपरमागे हसत होता.

तो गेल्यावर विद्या म्हणाली, "मुलगी नाही आली. मांजर आली बाळंतपणाला."

पद्माकर पुन्हा हसला. तिने विनोद केलाय असं त्याला वाटलं.

⁂

मधाचं बोट. तेही सांगायला हवं, नाहीतर वल्लरी उगाच वाईट ठरेल.

बाळ झालं त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये विद्याने पर्समधून एक छोटी बाटली काढली. मधात सोन्याची अंगठी बुडवून ते बोट बाळाला चाटवायचं, एवढंच. तिच्या आईने तिच्या मुलांना चाटवलं होतं. बोट बाळाच्या ओठाशी गेलं आणि ईशानने तिचं मनगट धरलं. हळूच धरलं. "नको आई. डॉक्टर नाही म्हणाल्यात."

वल्लरी पलंगावरून म्हणाली, "आई, प्लीज."

मनगट सोडल्यावरही विद्याला तिथे ईशानची बोटं जाणवत राहिली. मध तिने बेसिनमध्ये धुतला. त्यानंतर आठवड्याभरात तो फोन झाला, इन्फेक्शनचा.

⁂

फिल्टर सकाळी व्याली, मागच्या खोलीत, दुपट्यांच्या खणात. खण अर्धा उघडा राहिला होता.

तिला काहीच ठाऊक नव्हतं. पहिलं पिल्लू बाहेर आलं तेव्हा ती दचकून उडी मारून बाजूला झाली, जणू कुणी मागून ढकललं. वळून बघितलं. हुंगलं. आणि दिवाणाखाली पळाली. दुपट्यावर पारदर्शक पिशवीत एक काळी-पांढरी वस्तू पडून होती आणि हलत नव्हती.

पद्माकर दारात मोबाईल घेऊन उभा. "इथे लिहिलंय, आईने आवरण फाडलं नाही तर आपण प्रथम तोंडाकडचा भाग..."

"वाचू नका, टॉवेल द्या!"

विद्याने नखाने पिशवी फाडली, तोंड पुसलं, टॉवेलमध्ये घेऊन चोळत राहिली. असा जीव तिने याआधी कधी हातात घेतला नव्हता. चोळता चोळता ती बोलत होती, कुणाशी ते तिलाही कळत नव्हतं. "ये गं बाई. ये. ये ना." मग शिटीसारखा बारीक आवाज आला.

तिने दिवाणाखालून फिल्टरला ओढून काढलं आणि पिल्लू तिच्या तोंडापुढे धरलं. "बघ. तुझंच आहे. घाबरतेस काय?"

फिल्टरने एकदा चाटलं. थांबली. पुन्हा चाटलं. मग चाटतच राहिली.

दुसरं आणि तिसरं तिचं तिने केलं. फक्त दुसऱ्यावर बसली. विद्याने तिला उचलून सरकवलं. पिल्लांना एकेक करून पोटाशी लावलं. फिल्टर मधेच उठून चालू लागली की पिल्लं टपाटप गळून पडत. विद्या तिला पुन्हा आणून आडवी करी.

"अशी नाही गं. कुशीवर हो. हां. आता पाय वर घे. पिऊ दे त्यांना. दुखतंय? दुखतं पहिल्यांदा. दुखू दे."

पद्माकर दारातून ऐकत होता. ही सगळी वाक्यं विद्याने कधीची तयार ठेवली होती. ती मांजरासाठी नव्हती.

⁂

डॉक्टर संयोगिता चार गल्ल्या सोडून राहते. जनावरांची डॉक्टर. तिच्या घराण्याला बंगळुरात यायला चारशे वर्षं झाली, तरी घरात मराठीच बोलतात; त्या मराठीत आता अर्धं कन्नड मुरलंय. संध्याकाळी घरी जाताना ती डोकावली, पिल्लं उलटीसुलटी करून बघितली.

"अक्का, हे काळं-पांढरं तुम्ही वाचवलात हो. पैलटकरीण आहे ही, तिला काय कळतंय? स्वल्प शिकेल. तुम्ही फक्त लांबून बघा."

"लांबून बघितलं असतं तर मेलं असतं ते."

"सरी, सरी, बरं," संयोगिता हसली. "आज बरोबर केलात. उद्यापासून लांबून."

⁂

व्हिडिओ कॉलवर वल्लरी हसत होती आणि रडत होती. "ईशान, इकडे ये, बघ आईने काय केलंय! आई, तू ग्रेट आहेस गं. मला तर बघूनच चक्कर आली असती."

"त्यात काय एवढं," विद्या म्हणाली.

"थांब, हिला दाखवते."

फोन फिरला. पडद्यावर नात झोपलेली. नाव अजून ठेवायचं होतं. विद्याने चष्मा सारखा केला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"टाळू कोरडी दिसतेय. तेल नाही का घालत ती?"

पडद्यावरून नात गेली, वल्लरीचा चेहरा आला.

"आई."

"बरं बाई, नाही बोलत."

⁂

विद्याला एकच गोष्ट हवी होती. वल्लरीने 'ये' म्हणावं. मग भल्या सकाळी निघायचं, सिल्क बोर्ड मोकळा असतो तेव्हा. पाय लांब करून बसायचं आणि नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. बाकी काही करायला मिळालं नाही तरी चालेल. लाडू त्यांनी नर्सला दिले तरी चालेल.

ग्रेट आहेस म्हणाली. आणखी थोडं काही दिसलं तिला, तर म्हणेल.

⁂

बाळाला न्हाऊ असं घालतात.

आधी तेल. कोमट हवं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. टाळूवर जिरवायचं, मग पाठ, पोट, हातपाय, सांध्यांवर गोल गोल. डाळीचं पीठ सायीत कालवून अंगावरून फिरवायचं म्हणजे लव जाते. बाळ पायांवर पालथं, मान आपल्या घोट्यांपाशी. पाणी डाव्या हाताच्या आडोशाने सोडायचं, एकदम नाही. कानात जाऊ द्यायचं नाही. रडतं. रडू द्यायचं, रडलं की फुफ्फुसं मोकळी होतात. हातपाय आखडून घेतलं तर एकेक सोडवायचा. मागचे दोन आधी, मग पुढचे दोन. शेपटीखाली नीट धुवायचं, तिथेच घाण राहते. शेवटचं पाणी ओवाळून टाकायचं. दुपट्यात घट्ट गुंडाळायचं. निखाऱ्यांवर ओवा, लसणीच्या साली आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, धूर डोळ्यांत जाऊ न देता. डोळे उघडलेले नसले तर तेवढी काळजी नाही.

"पद्माकर, मोबाईल नीट धरा. माझं तोंड नको, पिल्लू येऊ दे."

"डॉक्टरला विचारायचं होतं का एकदा?"

"अंघोळीला डॉक्टर कधीपासून लागायला लागला? बघा ना, कशी चिकट झालीत मागून. ही आळशी बया नीट चाटतच नाही." विद्याने तिसरं पिल्लू टॉवेलवर ठेवलं. तिचा चेहरा फुलला होता. "बोटभर जीव आहेत, तरी हातातून सुटले नाहीत. हे बघितलं की तिलाच वाटेल, आईच्या हातात लेकरू द्यायला काय हरकत आहे."

"पाठवू?"

"थांबा. वाळू देत. फुगली की छान दिसतील, शेवटी तेवढं घ्या. मग पाठवा."

⁂

ती वाळली नाहीत. तेल लवेत मुरलं होतं.

⁂

फिल्टर बाल्कनीतून आली तेव्हा पिल्लं खणात होती, तिच्याच दुपट्यावर. तिने नाक पुढे केलं. अंग मागे घेतलं. शेपटी फुगली. आपल्याच पिल्लांवर तिने असा फिस्कारा टाकला की पद्माकरने हातातला मोबाईल खाली घेतला.

विद्या आधी हसली. "अगं, न्हायलीत ती. ओळखू येत नाहीत का?"

तिने काळं-पांढरं उचलून फिल्टरच्या पोटाशी लावलं. फिल्टरने पंजा मारला, नख न काढता. मग उडी मारून कपाटावर जाऊन बसली आणि तिथून ओरडू लागली. त्या ओरडण्यात राग नव्हता. ती हाका मारत होती.

पिल्लं खणातून उत्तर देत होती. तिला ती आपली वाटत नव्हती.

⁂

"अक्का." संयोगिताने पिल्लू नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. "काय काय लावलात?"

विद्याने सांगितलं. तेल, पीठ, साय, धुरी.

"मांजर पिल्लाला तोंड बघून ओळखत नाही हो. वासाने ओळखते. हिच्या हिशोबी ही पिल्लं हिची नाहीत. दुसऱ्या कुणाची तरी आणून ठेवलेत. हिची कुठेतरी गेलीत आणि ही त्यांना हाक मारतेय."

"मग आता?"

"आता ऊब. आधी ऊब. गार पडलीत. गरम पाण्याची पिशवी, कपड्यात गुंडाळून. हिचं दुपटं त्यांच्या अंगावर घासा, हिचा वास लागू दे. पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते, ड्रॉपरने द्या. गाईचं दूध बेडा. बेडा अक्का, एक थेंब पण नको."

पद्माकर पिशव्या भरायला धावला. पिशवीत थर्मामीटर खोचून तो आकडे बघत बसला, आयुष्यभर बघत होता तसा.

संयोगिता दारात चपला घालताना थांबली. "आमच्या घरात पण घालतात हो न्हाऊ. माझ्या आज्जीने मला घातलं, धुरीसकट. माणसाच्या पोराला काही होत नाही. तुम्ही मायेने केलात." तिने दुसरी चप्पल घातली आणि निघाली.

⁂

विद्या खणापाशी जमिनीवर बसून राहिली. ड्रॉपर, कापूस, पिशवी. ड्रॉपर, कापूस, पिशवी. कापूस ओला करून पोटाखाली फिरवायचा, म्हणजे पिल्लू शू करतं. हे काम आईच्या जिभेचं. विद्याने ते केलं. फिल्टरच्या अंगावर फिरवलेलं दुपटं पिल्लांवर पांघरलं. फिल्टरला उचलून आणलं, धरून ठेवलं, सोडलं, पुन्हा आणलं. एकदा फिल्टर खणात क्षणभर आडवीही झाली. फिल्टर उठली आणि गेली.

दुसरं पिल्लू गेलं तेव्हा दूध त्याच्या हनुवटीवरून ओघळत होतं आणि विद्याला वाटलं की ते पितंय.

तिसरं पिशवीच्या उबेत गेलं. थर्मामीटरवरचा आकडा बरोबर होता.

काळं-पांढरं शेवटी. त्याने विद्याच्या बोटाचं टोक तोंडात धरलं होतं. पद्माकर म्हणाला, "विद्या." ती म्हणाली, "थांबा जरा, झोपलंय." तो थांबला. बराच वेळ थांबला. मग त्याने तिचं बोट सोडवून घेतलं.

घरामागे कढीपत्त्याच्या झाडाखाली त्याने खड्डा खणला. विद्याने पिल्लांना दुपट्यात गुंडाळलं. नवं दुपटं होतं, वापरलेलं नव्हतं.

⁂

फिल्टर घरभर हिंडत होती. खणात डोकं घाली, दिवाणाखाली जाई, माळ्याकडे बघून ओरडे. मग तिला ते सापडलं.

न्हाणीघराच्या कोपऱ्यात पाणी जायची जाळी आहे. पिल्लांच्या अंगावरचं सगळं पाणी त्या जाळीतून गेलं होतं. फिल्टर जाळीला नाक लावून बसली. आत बोलवू लागली. हळू आवाजात, व्यालेली मांजर पिल्लांना जवळ बोलावताना काढते तो आवाज. विद्याने तो याआधी फक्त खणातून ऐकला होता.

पद्माकर फिनेलची बाटली घेऊन गेला. "धुऊन टाकतो. वास गेला की नाही बसणार."

"हात लावायचा नाही तिथे," विद्या म्हणाली.

ती दोघं त्यानंतर पाहुण्यांच्या न्हाणीघरात अंघोळ करू लागली.

⁂

वल्लरीला पाठवलेले फोटो.

पद्माकरच्या मोबाईलमध्ये पहिल्या दिवसांतले पुष्कळ होते. तो रोज एक पाठवायचा. पिल्लं पोटाशी. पिल्लं एकमेकांवर. फिल्टरचा पाय काळ्या-पांढऱ्याच्या डोक्यावर.

वल्लरी: किती गोड!!

वल्लरी: हिला दाखवला फोटो, हसली (गॅस असेल)

वल्लरी: बाबा, व्हिडिओ पाठवा ना

बाबा: नेटवर्क नाही.

वल्लरी: ही मोठी का होत नाहीयेत?

पद्माकर मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेला. "मोठी का होत नाहीत विचारतेय."

विद्या भाजी चिरत होती. "लिहा काहीतरी."

बाबा: अँगल आहे.

"विद्या, सांगून टाकू. तिची मांजर आहे. तिला कळेल."

"काय कळेल? नाही म्हणाली ते बरोबर म्हणाली, हे कळेल."

"मांजराचं पिल्लू वेगळं आणि माणसाचं..."

"हात तेच आहेत."

पद्माकर तिच्या हातांकडे बघत राहिला. तिने ते पदराखाली घेतले. भाजी अर्धवट चिरलेली पाटावर पडून राहिली.

"तुम्हाला माझी शपथ आहे," ती म्हणाली.

⁂

जे घडलं नाही ते: विद्याने व्हिडिओ पाठवला नाही. पुसलाही नाही. एकदा दुपारी तिने तो लावला. पाण्याचा आवाज, पिल्लांचा आवाज, मध्येच पद्माकरचा खोकला. आणि तिचा स्वतःचा आवाज, गाण्यासारखा, "झालं हं, झालं, झालं माझ्या राजाचं." तो आवाज इतका सुखी होता की तिने मोबाईल उपडा ठेवला.

⁂

"आई, जागी आहेस ना? झोपली नव्हतीस ना दुपारची?"

"नाही गं. बोल."

"अगं, नर्स उद्यापासून नाहीये. तर मी काय म्हणत होते..." वल्लरी घुटमळली. मागे बाळ कुरकुरत होतं. "तू येशील का? सकाळी फक्त. हिच्या अंघोळीला. तुझ्या पद्धतीने घाल. तेलबिल लाव हवं तर. धुरी नको, पण बाकी सगळं तुझ्या मनासारखं."

विद्या उभी होती ती दिवाणावर बसली.

"आई?"

"अगं, मला कसं जमणार."

"म्हणजे?"

"गुडघे धरलेत माझे. खाली बसवत नाही."

"गुडघे? मांजरापाशी दिवस दिवस बसून होतीस की! बाबांनीच सांगितलं."

"तेव्हापासूनच धरलेत."

"बरं, मग खुर्चीवर बस. बेसिनमध्ये घालू. ईशान हिला धरेल, तू नुसती..."

"नाही गं वल्लरी. नको."

"नको?"

वल्लरीचा आवाज बदलला. लहानपणी शाळेच्या दारात रडवेला व्हायचा तसा झाला. "तू रागावलीयस. मी येऊ नको म्हणाले म्हणून. आई, मी तेव्हा घाबरले होते गं. कुणीही हिला हात लावला तरी मला घाबरायला व्हायचं, तूच असं नाही. आता सॉरी म्हणते. सॉरी. ये ना."

हा शब्द ऐकायला विद्या किती दिवस बसली होती. 'ये ना.' तिने हात बघितले. बोटं, नखं, काळ्या-पांढऱ्याने धरलेलं टोक. आणखी एकदा ती 'ये ना' म्हणाली तर आपण जाणार, हे तिला कळत होतं. पद्माकर दारात उभा राहून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण.

वल्लरी पुन्हा विचारणार नाही असं काहीतरी बोलायला हवं होतं. ते विद्याला सापडलं.

"आता नर्स गेली म्हणून आई आठवली?"

बाळाची कुरकुर ऐकू येत होती.

"सरी," वल्लरी कन्नडमध्ये म्हणाली, इथल्या दुकानदाराशी व्यवहार संपवतात तसं. "राहू दे."

⁂

दुसऱ्या दिवशी पद्माकर एकटाच लाडवांचा डबा घेऊन सर्जापूर रोडला गेला. गेटवर अडवलं. वरून परवानगी यायला वेळ लागला.

परतला तेव्हा विद्या मागच्या खोलीत दुपट्यांच्या घड्या घालत होती. फिल्टर न्हाणीघरात होती.

"घातली अंघोळ?" तिने वर न बघता विचारलं.

"घातली. टबात. ईशान मोबाईलवरून वाचत होता, ती घालत होती."

"मान धरली होती ना नीट?"

"धरली होती."

"तेल?"

"नाही लावलं."

"रडली?"

"हो."

"बाळ का वल्लरी?"

पद्माकर खुर्चीवर बसला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दोघी. मला म्हणाली, बाबा, आई खरंच गुडघ्यांमुळे नाही आली का? मी म्हटलं, हो."

विद्याने घडी केलेलं दुपटं उलगडलं आणि पुन्हा घडी घातली. न्हाणीघरातून तो हळू, बोलावणारा आवाज आला आणि थांबला. दोघंही पुढच्या आवाजाची वाट बघत बसली.

⁂

फिल्टर व्याली त्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल ठेवल्यावर, वल्लरीने नर्सला सांगितलं होतं की महिना भरला की तुम्ही येऊ नका, माझी आई येणार आहे.